अ‍ॅपगार गुणांक : जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटाचे शास्त्र

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील बालमृत्यूंचे प्रमाण सातत्याने घटत गेले. परंतु जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतील मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळजवळ स्थिर राहिले. या विसंगतीचे एक कारण प्रसूतिगृहातील रूढ कार्यपद्धतीत होते. प्रसूती होताच वैद्यांचे लक्ष प्रामुख्याने मातेकडे असे. अर्भकाच्या अवस्थेची नोंद सैल विशेषणांनी होई, किंवा त्याने पहिला श्वास किती वेळाने घेतला एवढेच पाहिले जाई. क्षीण, निळसर अर्भक जगणार नाही असे गृहीत धरून ते बाजूस ठेवल्याचेही प्रसंग घडत. ही स्थिती पालटण्यास डॉ. व्हर्जिनिया अ‍ॅपगार (१९०९–१९७४) यांनी सुचविलेली एक साधी गुणपद्धती मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाली.

अ‍ॅपगार यांनी १९३३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली. त्यांचा ओढा शल्यविद्येकडे होता. परंतु त्या विभागाचे प्रमुख अ‍ॅलन व्हिपल यांनी त्यांना बधिरीकरणशास्त्राकडे वळण्याचा सल्ला दिला. स्त्री-शल्यविशारदांना व्यवसायात जम बसविणे कठीण जाते, हे व्हिपल यांनी पाहिले होते. भूल देण्याचे काम त्या काळी बहुधा परिचारिकांकडे असे व त्यास स्वतंत्र शास्त्राची प्रतिष्ठा नव्हती. १९३८ मध्ये अ‍ॅपगार कोलंबियातील बधिरीकरण शाखेच्या प्रमुख झाल्या. १९४९ मध्ये शाखेचे स्वतंत्र विभागात रूपांतर झाले, तेव्हा प्रमुखपद एमॅन्युएल पॅपर यांच्याकडे गेले. त्याच वर्षी अ‍ॅपगार प्राध्यापक झाल्या. त्या वैद्यकीय महाविद्यालयात हे पद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. प्रशासनाचा भार उतरल्यामुळे प्रसूतीच्या वेळी दिल्या जाणाऱ्या भुलीचा अर्भकावर काय परिणाम होतो, या प्रश्नाकडे त्यांना पूर्ण लक्ष देता आले.

१९५२ साली मांडलेल्या व १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी पाच लक्षणे निश्चित केली : हृत्स्पंदनांची गती, श्वसनाचा प्रयत्न, प्रतिक्षिप्त प्रतिसाद, स्नायूंचा ताण आणि त्वचेचा वर्ण. जन्मानंतर बरोबर एका मिनिटाने प्रत्येक लक्षणास ०, १ अथवा २ गुण द्यावयाचे. उदाहरणार्थ, स्पंदने नसल्यास ०, मिनिटाला १०० पेक्षा कमी असल्यास १ आणि त्याहून अधिक असल्यास २. पाचही लक्षणांची बेरीज म्हणजे अर्भकाचा गुणांक. तो अधिकाधिक १० असू शकतो. या निरीक्षणास कोणतेही महाग उपकरण लागत नाही, आणि प्रसूतीच्या अन्य कामांतही त्यामुळे अडथळा येत नाही. पुढे पाचव्या मिनिटाला दुसरे मापन करण्याची प्रथा रूढ झाली.

पहिल्या निबंधात १,०२१ अर्भकांच्या नोंदी होत्या. ८ ते १० गुण मिळालेल्यांपैकी जवळजवळ सर्वच जगली, तर ० ते २ गुण मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण फार मोठे होते. पोट उघडून केलेल्या प्रसूतींत मातेस संपूर्ण बेशुद्ध केले असता अर्भकांचे गुण सरासरीने कमी भरत. पाठीच्या कण्यातून भूल दिली असता ते अधिक भरत. ज्या गोष्टीविषयी पूर्वी केवळ मतभेद संभवत होता, तिची आता तुलना करता येऊ लागली. डंकन हॉलडे व स्टॅन्ली जेम्स या सहकाऱ्यांसह केलेल्या पुढील संशोधनात कमी गुणांच्या अर्भकांच्या रक्तात प्राणवायू अल्प व आम्लता अधिक असल्याचे आढळले. त्यामुळे अशा अर्भकास श्वसनासाठी तात्काळ साहाय्य देण्यास शास्त्रीय आधार मिळाला. सायक्लोप्रोपेन हा भुलीचा वायू अर्भकासही मंद करतो, हेही या संशोधनातून स्पष्ट झाले.

गुणांकाच्या मर्यादाही ध्यानात घेणे अगत्याचे आहे. वर्ण हे लक्षण सर्वांत कमी समाधानकारक असल्याचे अ‍ॅपगार यांनी स्वतःच नमूद केले होते. सावळ्या अर्भकांत ते पारखणे विशेष कठीण जाते. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाचा स्नायुताण मुळातच कमी असतो, आणि मातेस दिलेल्या औषधांनीही गुण घटतात. म्हणून केवळ कमी गुणांवरून जन्मकाळी अर्भक गुदमरले असा निष्कर्ष काढू नये, किंवा त्या बालकाच्या भावी बुद्धीविषयी भाकीत करू नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनांनी बजाविले आहे. श्वासोच्छ्वास सुरू करण्याचे उपचारही आज गुणांकासाठी खोळंबून राहत नाहीत. आवश्यक तेथे ते पहिले मिनिट पूर्ण होण्यापूर्वीच सुरू होतात.

तरीही ही पद्धती आज जगभर वापरात आहे. तिच्यामुळे प्रत्येक नवजात अर्भकाकडे ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या क्रमाने पाहणे हे प्रसूतिगृहातील कर्तव्य ठरले. प्रसूती करणाऱ्या वैद्याने स्वतः गुण देऊ नयेत, असा अ‍ॅपगार यांचा आग्रह होता. कारण आपल्या हातून जन्मलेल्या अर्भकाला अधिक गुण देण्याचा मोह कोणालाही होणे स्वाभाविक आहे. गुण देणारी दुसरी व्यक्ती तेथे असली, की निदान एकाचे तरी लक्ष केवळ अर्भकाकडे राहते. बाजूस ठेवल्या जाणाऱ्या अर्भकांच्या वाट्यास पूर्वी नेमके हेच येत नव्हते.