विषाणूंच्या वाटा (लेखांक 7) : माकडं मरू लागतात तेव्हा

विषाणू पेशीत कसा शिरतो, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. पण तोच विषाणू एका प्राण्याचा जीव घेतो आणि दुसऱ्याच्या अंगात नुसता राहून जातो, असं का होतं? हे समजून घ्यायला दूर जायला नको. आपल्या सह्याद्रीतला माकडताप पुरेसा आहे.

1957 साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलालगत वानरं आणि माकडं मरून पडू लागली. त्याच सुमारास आसपासची माणसंही तापानं फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या, म्हणजे आजच्या एनआयव्हीतल्या शास्त्रज्ञांना आधी धास्ती वाटली ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेत पीतज्वराच्या साथीची वर्दी माकडांच्या मरणानंच मिळते. विषाणू हाती लागला, तो त्याच कुळातला निघाला, पण डासांतून नव्हे तर गोचिडांतून पसरणारा.

हा विषाणू मुळात जंगलातल्या उंदीर, चिचुंद्री अशा लहान प्राण्यांत आणि गोचिडांत फिरत असतो. या लहान प्राण्यांच्या रक्तात तो वाढतो, रक्त पिणाऱ्या गोचिडात जातो, पण प्राणी आजारी दिसत नाहीत. एकदा विषाणू शिरला की गोचीड तो जन्मभर बाळगतं. माकडाचं मात्र तसं नाही. त्याच्या रक्तात विषाणू अफाट वाढतो आणि माकड बहुधा मरतं. मेलेलं शरीर थंड पडू लागलं की अंगावरची गोचिडं ते सोडून आसपासच्या पाल्यात उतरतात, नव्या अंगाची वाट बघत. म्हणून मेलेल्या माकडाभोवतालची जमीन सगळ्यांत धोक्याची.

माणसाला चावतात ती बहुतेकदा अर्धवट वाढलेली गोचिडं, खसखशीच्या दाण्याएवढी. चावलेलं कळतही नाही. विषाणूकडे असतो सुमारे 11 हजार अक्षरांचा आरएनए. आपल्या पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रणा तो थेट वाचते आणि प्रथिनांची एक लांबलचक साखळी तयार करते. तिचे तुकडे पडून विषाणूची दहा प्रथिनं होतात, आणि पेशी स्वतःचं काम सोडून विषाणू घडवू लागते. तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून ताप, कपाळ फुटेल असं डोकं, पाठीत आणि पिंडऱ्यांत कळा. यातला ताप विषाणू आणत नाही, तो आपल्या शरीराच्या प्रतिकाराचा भाग आहे. रक्तातल्या प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घटतात. काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. काहींचा ताप उतरतो, आठवडा-दोन आठवडे बरे जातात आणि तो पुन्हा उलटतो. या वेळी मान आखडते, हात थरथरतात, भ्रम होतो. शंभरात साधारण तीन ते पाच रुग्ण दगावतात. विषाणूला मात्र यातून काहीच साधत नाही. माणसाकडून माणसाकडे तो जात नाही. त्याची वाट आपल्यापाशी संपते.

म्हणूनच माकडांना दोष देणं मला अजिबात पटत नाही. ती आपल्यासारखीच बळी आहेत. जंगलाच्या कडा तोडून आपण आत शिरलो, गुरं आत नेली. गुरं या तापानं आजारी पडत नाहीत, पण मोठी गोचिडं त्यांच्या रक्तावर पोसतात आणि वाढतात.

2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात हा ताप आला. नोव्हेंबर ते मे हे त्याचे दिवस, आणि काजू गोळा करण्याचा हंगाम ऐन त्यातच येतो. बागेत वाकून पाल्यातून बिया वेचणाऱ्या बाया-माणसांना याचा फटका बसतो. विषाणूवर थेट मारा करणारं सिद्ध औषध नाही. कर्नाटकातली जुनी लस पुरेशी प्रभावी नसल्यामुळे बंद करावी लागली.

तेव्हा या हंगामात काजूच्या बागेत किंवा रानात जाताना अंगभर कपडे घाला, उघड्या अंगाला आरोग्य केंद्रात मिळणारं डेपा तेल लावा. परतल्यावर गरम पाणी आणि साबणानं अंघोळ करा, कपडे गरम पाण्यात टाका. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, जवळही जाऊ नका, वन खात्याला आणि आरोग्य केंद्राला लगेच कळवा. आणि ताप आलाच, तर डॉक्टरांना विचारण्याआधीच सांगा की तुम्ही रानात गेला होतात.