मॅसेलिया आणि काटोलचे दगड

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधल्या मुख्य पट्ट्यात मॅसेलिया हा दगडी लघुग्रह फिरतो. त्याचा अनुक्रमांक 20 आणि व्यास सुमारे 140 किलोमीटर. त्याचे एक टोक मुळशी तालुक्यातल्या भुकूमवर ठेवले, तर दुसरे मुंबई ओलांडून समुद्रात जाईल. सूर्याभोवती एक फेरी घालायला त्याला पावणेचार वर्षे लागतात, स्वतःभोवती फिरायला जेमतेम आठ तास. 19 सप्टेंबर 1852 रोजी नेपल्समध्ये आनिबाले दे गास्पारिस यांना तो प्रथम दिसला आणि दुसऱ्याच रात्री मार्सेय इथे जाँ शाकोर्नाक यांनाही सापडला. पहिला मान नेपल्सचा. नाव मात्र मार्सेयच्या प्राचीन ग्रीक नावावरून पडले.

लघुग्रह कशाचा बनला आहे, हे त्यावरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातून कळते. मॅसेलियाच्या वर्णपटात ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन या खनिजांच्या खुणा आहेत. असे लघुग्रह एस-प्रकारात मोडतात आणि पट्ट्याच्या आतल्या भागात त्यांचीच गर्दी आहे. पृथ्वीवर सर्वाधिक पडणाऱ्या साध्या कॉन्ड्राइट अशनींमध्येही हीच खनिजे असतात. तरी दोन्हींचे वर्णपट तंतोतंत जुळत नसत, लघुग्रह जास्त तांबूस दिसत. सौरवारा आणि सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने लघुग्रहाचा पृष्ठभाग काळवंडतो आणि तांबूस होतो, असे त्याचे कारण निघाले. जपानच्या हायाबुसा यानाने 2010 मध्ये इटोकावा या एस-प्रकारच्या लघुग्रहावरचे कण पृथ्वीवर आणले, तेव्हा हा वाद मिटला. ते कण कॉन्ड्राइटचेच होते.

महाराष्ट्राच्या वाट्याला असा दगड 22 मे 2012 रोजी भरदुपारी आला. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात मोठ्या आवाजासह अशनींचे तुकडे पडले. तपासणीत ते एल6 वर्गाचे ठरले. यातला 'एल' कमी लोहाचा वर्ग सांगतो. सहाचा आकडा सांगतो की मूळ पिंडाच्या पोटात हा दगड इतका तापला होता, की त्यातले मिलिमीटरभर आकाराचे कॉन्ड्रूल, म्हणजे सूर्यमालेच्या जन्मकाळी वितळून गोठलेले गोलक, पुसट झाले. काटोलची खरी श्रीमंती मात्र त्यातल्या बारीक काळ्या शिरांत आहे. आयआयटी खरगपूरचे सुजय घोष आणि सहकाऱ्यांना या शिरांत ब्रिजमनाइट सापडले, आणि 2021 मध्ये त्यांनी ते जाहीर केले. पृथ्वीच्या पोटात 660 किलोमीटरच्या खाली विपुल असलेले हे खनिज वर आणणे माणसाला जमलेले नाही. काटोलच्या दगडात ते अवकाशातल्या टकरीच्या क्षणिक, प्रचंड दाबाने तयार झाले.

ती टक्कर कुठली? एल वर्गाच्या कितीतरी अशनींवर सुमारे 47 कोटी वर्षांपूर्वीच्या एका महाभयंकर आघाताची खूण आहे. स्वीडनमधल्या त्याच काळच्या चुनखडकात या वर्गाच्या जीवाश्म अशनी खच्चून सापडतात. 2024 मध्ये मिकाएल मार्से आणि सहकाऱ्यांनी या दगडांचे मूळ घर म्हणून मॅसेलियाकडे बोट दाखवले. वर्णपट जुळतो, आणि मॅसेलियाच्या आसपास त्याच्याच फुटीतून निघालेल्या लहान लघुग्रहांचे कुटुंब फिरते. त्यांच्या मते, आज पडणाऱ्या एल अशनींचा पुरवठा त्या जुन्या आघातातून नव्हे, तर सुमारे 4 कोटी वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या टकरीतून होतो.

तिथून इथवरची वाट फार संथ आहे. उन्हाने तापलेला तुकडा ती उष्णता बाहेर टाकतो. त्याचा अतिसूक्ष्म धक्का बसून तुकड्याची कक्षा लाखो वर्षांत सरकत जाते. सूर्य–पृथ्वी अंतराच्या अडीचपट अंतरावर, गुरूच्या एका फेरीत तुकड्याच्या तीन फेऱ्या होतात. या जागी गुरूचे ओढणे साठत जाते, कक्षा लांबट होते आणि तुकडा पृथ्वीच्या वाटेत येतो.

आकाशातून दगड पडताना दिसला, तर तो धुऊ नये, फोडू नये आणि त्याला चुंबक मुळीच लावू नये. चुंबकाने दगडातली कोट्यवधी वर्षांची चुंबकीय नोंद पुसली जाते. कोरड्या, स्वच्छ पिशवीत ठेवून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे.