व्यवसायस्पर्धा आणि शेतकऱ्यांची मुले

शेतकऱ्यास पिकविता येते, पण विकता येत नाही, हे बोल आपल्या सभासंमेलनांतून इतक्या वेळा ऐकू येतात की त्यांची बोच आता बोथट झाली आहे. ऐकणारा मान डोलावितो, बोलणारा खाली बसतो, आणि दुसऱ्या दिवशी माल नेहमीच्याच अडत्याकडे जातो. विकणे हीदेखील शिकून येणारी विद्या आहे; परंतु ती कोठे शिकावी व कोणाच्या पैशाने शिकावी, याचा विचार क्वचितच होतो. आपण आजवर ती आपल्या जमिनीच्या पैशाने शिकत आलो. एक धंदा बुडाला की एक धडा मिळतो, आणि त्या धड्याची किंमत बहुधा एखाद्या एकराइतकी असते. याहून स्वस्त शाळा आज विद्यापीठांतून उपलब्ध आहे. ती म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्यवसायस्पर्धा. त्यांविषयी आमच्या वाचकांस चार शब्द सांगावे, असे आम्हांस आमच्याच घरी घडलेल्या एका प्रसंगावरून वाटले.

आमचा पुतण्या कृषी महाविद्यालयात शिकतो. गेल्या हंगामात हळदीची काढणी ऐन भरात असता त्याचा निरोप आला, की महाविद्यालयाच्या व्यवसायस्पर्धेच्या संघात आपली निवड झाली असून काढणीस घरी येता येणार नाही. आम्ही रागावून त्यास कळविले, ‘येथे हळद शिजविण्यास माणूस मिळत नाही, आणि तू तेथे व्यापाराचा खेळ मांडून बसणार काय?’ त्यावर तो दोन दिवसांसाठी आला आणि म्हणाला, ‘काका, मी दोन दिवस काहिलीपाशी उभा राहतो, पण आपल्या घरच्या एक किलो हळकुंडास खर्च किती येतो, तेवढे मला सांगा.’ आम्ही पेटी उघडून बाजारातील सौद्याच्या पट्ट्यांचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. पट्ट्यांवरून काय आले ते कळत होते. काय गेले ते कळत नव्हते. इतकी वर्षे हळद करून आम्हांस त्या साध्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

स्पर्धेचे स्वरूप

व्यवसायस्पर्धा म्हणजे काय, ते प्रथम थोडक्यात सांगतो. तीन ते पाच विद्यार्थी मिळून एक संघ होतो. संघाने एखादा माल, यंत्र किंवा सेवा निवडावयाची. ती कोण घेईल, किती किंमतीस घेईल, तयार करण्यास खर्च किती, भांडवल किती व ते केव्हा परत येईल, याचा लेखी आराखडा करावयाचा. आणि नंतर परीक्षकांपुढे उभे राहून ठरलेल्या मिनिटांत तो मांडावयाचा. परीक्षकांत व्यापारी, बँकेचे अधिकारी, कारखानदार असे व्यवहारी लोक असतात. मांडणी संपली की ते प्रश्न विचारू लागतात, आणि खरी परीक्षा तेथूनच सुरू होते.

या प्रथेचा उगम पाहण्याजोगा आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी लुटुपुटीचे न्यायालय भरविण्याची चाल जुनी आहे. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिन येथे, इ. स. १९८४ मध्ये त्याच धर्तीवर व्यापारशिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठी लुटुपुटीच्या कंपन्यांची स्पर्धा सुरू झाली. वकिलास जसा खोटा खटला चालवून खऱ्या खटल्याची तयारी करता येते, तशी व्यापाऱ्यास खोटी कंपनी चालवून खऱ्या कंपनीची करता यावी, ही त्यामागील कल्पना. पुढे १९९० मध्ये मॅसॅच्युसेट्स येथील प्रख्यात तंत्रविद्यापीठात दहा हजार डॉलर बक्षिसाची स्पर्धा सुरू झाली. ती रक्कम वाढत वाढत एक लाख डॉलरपर्यंत गेली. आपल्याकडे मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये विद्यार्थ्यांचे उद्योजकता मंडळ १९९८ मध्ये स्थापन झाले, व त्याची ‘युरेका’ नामक स्पर्धा विद्यार्थिवर्गात सुपरिचित आहे. केवळ कृषिविद्यार्थ्यांसाठी म्हणूनही अशा स्पर्धा आहेत. अमेरिकेतील राष्ट्रीय कृषिविपणन संघ आपल्या वार्षिक परिषदेत कृषी महाविद्यालयांच्या संघांची विपणनस्पर्धा भरवितो.

अन्नाचा प्रश्न घेऊन झालेल्या एका मोठ्या स्पर्धेचे उदाहरण आमच्या वाचकांस विशेष रुचेल. ‘हल्ट प्राइझ’ नावाच्या जागतिक विद्यार्थिस्पर्धेत २०१३ साली शहरांतील झोपडवस्त्यांस पोटभर व सकस अन्न कसे मिळेल, हा विषय होता. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या पाच विद्यार्थ्यांनी खाद्य कीटकांची शेती करण्याची योजना मांडली आणि दहा लाख डॉलरचे पहिले बक्षीस मिळविले. आपल्यास ही कल्पना किळसवाणी वाटेल. परंतु त्या विद्यार्थ्यांची विचारसरणी पाहण्यासारखी आहे. लोकांनी काय खावे, हे त्यांनी ठरविले नाही. लोक काय आवडीने खातात व ते वर्षभर का मिळत नाही, हे त्यांनी प्रथम पाहिले. आपल्या कोकणातील माडाचा वैरी जो सोंड्या भुंगा, त्याच्याच जातभाईची अळी घाना देशात आवडीने खाल्ली जाते. ती रानातून वेचून आणावी लागे. तिची पैदास करून नियमित पुरवठा करण्याचे काम या मंडळींनी पुढे तेथे हाती घेतले. एकाच्या बागेतील कीड दुसऱ्याच्या ताटातील पक्वान्न ठरते, हे ज्यास दिसले त्यास ग्राहक म्हणजे काय हे कळले, असे म्हणावयास हरकत नाही.

विद्यार्थ्यास काय मिळते

पहिला लाभ हिशेबाचा. शेतकऱ्याच्या घरी रोख गेलेला पैसा तेवढा खर्च समजतात. घरच्या माणसांची मजुरी, बैलांची वैरण, स्वतःच्या जमिनीचा खंड, यांतील काहीच कोणी धरत नाही. परीक्षकांपुढे असा हिशेब दोन मिनिटेही टिकत नाही. हळदीचेच पाहा. ओली हळद शिजवून, वाळवून व पॉलिश करून तिचे सुमारे पाचव्या हिश्शाइतके वजन हाती येते. त्यावर बेणे, भरखते, आठ-नऊ महिन्यांचे पाणी, काढणी, सरपण, हमाली, तोलाई व अडत बसते. पूड करावयाची तर दळणातील घट, पुडीचा कागद, दुकानदाराचे कमिशन व न खपलेला माल, एवढी खाती वाढतात. ही सर्व खाती एकदा स्वतःच्या हाताने मांडलेला मुलगा पुढे जन्मभर नुसत्या पट्टीवर विश्वासत नाही.

दुसरा लाभ प्रश्नांस तोंड देण्याचा. आपल्या मुलांस उत्तरपत्रिकेतील प्रश्नांची सवय असते, आणि ते प्रश्न पुस्तकांतून येतात. अनोळखी, अनुभवी मनुष्याने तोंडावर ‘तुमचा माल मी का घ्यावा?’ असे विचारले असता न चिडता व न गडबडता उत्तर देणे ही निराळी गोष्ट आहे. बँकेच्या दारात, शासकीय कचेरीत आणि व्यापाऱ्याच्या पेढीवर आपला तरुण हटतो, तो बुद्धी कमी म्हणून हटत नाही. अशा प्रश्नांची त्यास सवय नसते, म्हणून हटतो.

तिसरा लाभ आम्हांस सर्वांत मोठा वाटतो, आणि तो संघ या शब्दात आहे. एक कृषीचा, एक वाणिज्याचा, एक यंत्रविद्येचा व एक चांगले लिहिणारा, अशी चार मुले एका कामास जुंपली म्हणजे पहिल्या आठवड्यातच भांडण होते. किंमत किती ठेवावी यावरून मतभेद होतो, काम कोणी केले नाही यावरून कुरबूर होते, आणि तारीख तर डोक्यावर असते. अशा वेळी संघ न मोडता निर्णय घेणे त्यांस भाग पडते. बांधाच्या वीतभर जागेवरून कोर्टाची पायरी चढणाऱ्या आपल्या भाऊबंदकीस हे शिक्षण किती हवे आहे, ते वाचकांस सांगण्याची गरज नाही. इ. स. २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांस उत्पादक कंपनी काढण्याची सोय झाली. कागदावर कंपनी काढणे सोपे असते. दहा घरांचा माल एका भावाने, एका प्रतीने विकणारी माणसे घडविणे कठीण. ती माणसे अशाच संघांतून तयार होतील.

आक्षेप व त्यांचा विचार

यावर कोणी म्हणेल, की यात अभ्यास बुडतो. बुडू शकतो, म्हणून परीक्षेच्या तोंडावर येणारी स्पर्धा सोडावी व वर्षातून एकच घ्यावी. कोणी म्हणेल, की हा सारा बोलघेवडेपणा आहे. ज्या संघाने बाजार न पाहता कागदावर डोलारा उभारला असेल, त्याच्या बाबतीत हे खरे आहे. पण चांगला परीक्षक असा डोलारा एका प्रश्नात पाडतो. कोणी म्हणेल, की बक्षीस थोड्यांसच मिळते. याचे उत्तर अनुभवाने दिले आहे. वर सांगितलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या स्पर्धेत १९९८ साली गणिताचे अध्यापक टॉम लेटन व त्यांचे विद्यार्थी डॅनियल ल्युइन यांचा संघ अंतिम फेरीपर्यंत गेला, परंतु पहिला आला नाही. त्याच वर्षी त्यांनी आपल्या योजनेवरून अकामाई ही कंपनी स्थापिली, आणि इंटरनेटवरील मजकूर जलद पोहोचविण्याच्या धंद्यात ती जगातील अग्रगण्य कंपन्यांत गणली गेली. उलटपक्षी, बक्षीस मिळाले म्हणजे धंदा चाललाच असेही नाही. बक्षीस हे मांडणीस मिळते. धंदा पुढे रोज करावा लागतो.

तथापि पालकांनी तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे. स्पर्धेसाठी भरमसाट प्रवेशशुल्क मागत असल्यास भरविणारे कोण आहेत, याची चौकशी करावी. संघाची कल्पना यशस्वी झाल्यास तिच्यावर हक्क कोणाचा, हे मुलांनी आरंभीच आपापसांत लिहून ठेवावे. आणि बक्षिसाच्या भरात घरच्या जमिनीवर कर्ज काढून लगेच धंदा सुरू करण्यास कोणीही संमती देऊ नये. मुलींच्या पालकांस आमचे आणखी एक सांगणे आहे. कृषिकन्या म्हणून खेड्यात राहून घरोघरची शेती पाहिलेल्या विद्यार्थिनी अशा संघांत फार उपयोगी पडतात, कारण घरात माल कोण विकत घेते व काय पाहून घेते, हे त्यांस ठाऊक असते. त्यांस प्रवासाचे कारण सांगून मागे ठेवू नये.

आमच्या घरचा निकाल

आता राहिला आमच्या पुतण्याच्या संघाचा निकाल. घरच्या हळदीची पूड करून शहरात लहान पुड्यांतून विकावी, अशी त्यांची योजना होती. योगायोग असा, की आम्हीही त्याच वेळी पूड करण्याचे यंत्र कर्जाने घेण्याचे ठरविले होते. कागदपत्रे तयार होती, आणि सातबाऱ्यावर बोजा चढावयाचा तेवढा बाकी होता. पहिली फेरी मुलांनी जिंकली. दुसऱ्या फेरीत एका परीक्षकाने विचारले, ‘तुमचे यंत्र वर्षातून किती दिवस चालेल?’ मुलांनी प्रामाणिकपणे सांगितले, की घरच्या हळदीपुरते पाहिले तर फार तर चाळीस दिवस. ‘मग उरलेल्या दिवसांचे व्याज कोण देणार?’ या प्रश्नास संघापाशी उत्तर नव्हते. ते तेथेच हरले.

पुतण्या घरी आला तो खाली मान घालून. त्याने सर्व हकीकत सांगितली. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही, कारण त्या प्रश्नास आमच्यापाशीही उत्तर नव्हते, आणि आमचा खेळ लुटुपुटीचा नव्हता. सकाळी आम्ही कर्जाची कागदपत्रे बाजूस ठेवली. त्या हंगामात थोडी हळद दुसऱ्याच्या गिरणीवर मजुरीने दळून घेतली, पुड्या बांधल्या, आणि ओळखीच्या घरांतून व दोन दुकानांतून विकून पाहिल्या. काही खपल्या, काही परत आल्या. परत का आल्या, ते वहीत लिहिले आहे. यंत्र आम्ही अद्याप घेतलेले नाही. आमच्या शिवारातील आणखी आठ-दहा हळद करणारी घरे एकत्र आली, तर ते वर्षातून पुरेसे दिवस चालेल की नाही, याचे टिपण पुतण्याने करून दिले आहे, आणि येत्या अक्षय्यतृतीयेपूर्वी त्या घरांची बैठक आमच्या ओसरीवर बोलाविली आहे.

प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभारिला, तेव्हा शेतकऱ्याचे धैर्य व अर्थशास्त्रज्ञाचा हिशेब यांचा संयोग झाला होता. प्रत्येक गावास गाडगीळ लाभणे शक्य नाही. परंतु ज्या घरचा मुलगा किंवा मुलगी विद्यापीठात शिकत आहे, त्या घरात त्या हिशेबाचा एक अंश तरी येऊ शकेल. तेव्हा वाचकांपैकी कोणाच्या घरी असे पत्र आले, आणि ते ऐन सुगीत आले, तर आमच्यासारखे रागावण्यापूर्वी त्यांनी मुलास एवढेच विचारावे, की बाबा रे, तुझ्या संघास आपल्या शेतीचा कोणता हिशेब हवा आहे? आणि तो देता आला नाही, तर त्याच दिवशी एक कोरी वही आणावी.