धूळपाटीची न्यूयॉर्कवारी

एके काळी कोकणातल्या पोराची पहिली अक्षरं धुळीत उमटायची. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने ‘श्री’ काढायचा, पंतोजींनी मान हलवली की हात फिरवून पाटी पुन्हा कोरी. ना कागद, ना शाई, ना खर्च. हीच युक्ती न्यूयॉर्कच्या फुकट शाळांनी उचलली होती, यावर विश्वास बसतो?

झालं असं. १७८९च्या सुमारास मद्रासला अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री अनाथ मुलांची शाळा सांभाळत होता. एका गावठी शाळेत त्याला जमिनीवर बसून वाळूत अक्षरं गिरवणारी मुलं दिसली आणि तो हरखून गेला. त्याच्या मास्तरांनी मात्र नाकं मुरडली. मग बेलने काय करावं? आठ वर्षांच्या एका मुलालाच बिगरीचा मास्तर केलं! आणि पोरं शिकली की! मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवायचं, हीही आपल्या गावच्या शाळांत मुरलेली रीत.

१७९७मध्ये बेलचा अनुभव लंडनमध्ये छापून आला. तिथल्या जोसेफ लँकेस्टरने अशाच पद्धतीने एका मास्तराच्या हाताखाली शेकडो मुलं बसवली. १८०६मध्ये ती न्यूयॉर्कला पोचली. गरिबांच्या मुलांना फुकट शिकवणाऱ्या तिथल्या संस्थेकडे पैसा बेताचाच होता, तिला हे वरदानच वाटलं. १८०९च्या तिच्या इमारतीत एका दालनात ५०० मुलं मावत. लहानग्यांपुढे वाळूचं मेज. बोटाने अक्षर काढायचं, वाळू सपाट करायची, पुन्हा काढायचं. पुढे १८५३मध्ये या संस्थेच्या शाळा शहराच्या शिक्षण मंडळात मिळाल्या. अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या शहराची सार्वजनिक शाळा अशी वाळूतून उभी राहिली!

तोवर अमेरिकन माणसं इकडे येऊन पोचलीही होती. बोस्टनच्या संस्थेने पाठवलेले गॉर्डन हॉल १८१३मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्या मिशनने मराठी शाळा काढल्या, आणि त्या खाडी ओलांडून अलिबाग-रेवदंड्याकडे गेल्या. शिकवायला कोण? बरेचसे आपलेच पंतोजी, मिशनच्या पगारावर. समोरच्या मुलांत घाण्यावर तेल गाळणाऱ्या बेने इस्रायलींचीही मुलं.

म्हणजे या पाहुण्यांनी नवं काय आणलं? मला विचाराल तर एकच गोष्ट, पण केवढी! आपल्या पंतोजींच्या शाळेत मुलगी नव्हती. १८२४मध्ये या मिशनने मुंबईत मुलींची शाळा उघडली. १८२७मध्ये न्यू हॅम्पशायरची सिंथिया फरार आली. लग्न न केलेली बाई एकटी समुद्रापार शिकवायला येते, हे तिच्या देशालाही नवलच होतं. पुढे ती अहमदनगरला गेली. तिथली तिची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी स्वतः जाऊन पाहिली, आणि १८४८मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात आपली सुरू केली.