पंधरा हजार पंचेचाळीसचा हप्ता

वर्ध्याला खेटून असलेल्या कितीतरी गावांच्या नावापुढे 'मेघे' लागतं. पिपरी मेघे, सिंदी मेघे, सावंगी मेघे, बोरगाव मेघे. कागदावर ही गावं वेगळी; रस्त्याने चालणाऱ्याला वर्धा कुठे संपलं आणि पिपरी कुठे सुरू झाली ते कळत नाही. मी इथे घर बांधून राहिलो तेव्हा बँकेत होतो आणि निवृत्तीच्या आधीची काही वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर काढली. अजूनही बारावीचा निकाल लागला की आमच्या ओसरीवर चपला वाढतात.

डॉक्टर-इंजिनिअरचं आमच्याकडे कोणाला समजावावं लागत नाही. एका बाजूला सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय, दुसऱ्या बाजूला सावंगीचं. फी किती, सीट किती, सुटल्यावर काय, हे पानठेल्यावरही सांगतात. वकिलीचं तसं नाही. बी.ए. झाल्यावर दुसरं काही जमलं नाही म्हणून करायची गोष्ट, ही तिची जुनी ओळख. त्यामुळे मागच्या गल्लीतले एक गृहस्थ लेकीला घेऊन आले आणि मुलीने मोबाइलवर कायद्याच्या अकरा कॉलेजांची यादी उघडली, तेव्हा मला बरं वाटलं. वडील म्हणाले, "भाऊ, कर्ज तं काढू. पण ते फिटते कसं, तेवढं सांगा."

मी यादी बाजूला ठेवायला लावली आणि वही काढली.

समजा फी, वसतिगृह, मेस मिळून दरवर्षी २ लाख कर्ज उचललं. पाच वर्षांत १० लाख. व्याज १० टक्के धरू. बँकेप्रमाणे आणि काळाप्रमाणे ते खालीवर होतं. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळ व्याज चढतच असतं. पहिल्या वर्षीच्या २ लाखांवर सहा वर्षांचं, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर पाच वर्षांचं, असं करत व्याजच ४ लाख होतं. म्हणजे हप्ता सुरू होतो त्या दिवशी डोक्यावर १० नाही, १४ लाख. दहा वर्षांत फेडायचं तर महिना साधारण साडेअठरा हजार. मुदत ताणून पंधरा वर्षं केली तर १५,०४५ रुपये, आणि शेवटपर्यंत बँकेत भरलेली रक्कम २७ लाखांच्या वर.

आता दुसरा आकडा. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने एक परिपत्रक काढलं. कनिष्ठ वकिलांना ज्येष्ठांनी शहरात महिन्याला किमान २० हजार आणि ग्रामीण भागात किमान १५ हजार विद्यावेतन द्यावं, असं त्यात सुचवलं आहे. सुचवलं आहे, बंधन नाही. पण समजा, आमच्या भागातल्या एखाद्या सज्जन ज्येष्ठाने ते अक्षरशः पाळलं. मग आलेले पंधरा हजार पूर्ण बँकेत भरून वर पंचेचाळीस रुपये घरून मागायचे. पेट्रोल, जेवण, काळा कोट धुवायचा खर्च वेगळा.

मुलीने विचारलं, "काका, सोबत दुसरी नोकरी केली तर?" इथेच वकिली बाकीच्या धंद्यांपेक्षा निराळी पडते. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिली चालू असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. जाहिरात करून पक्षकार गोळा करायलाही बंदी. त्यामुळे कोर्टातल्या नव्या वकिलाची कमाई सुरुवातीला फार हळू वाढते आणि घाई करून वाढवता येत नाही. बँकेचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून पूर्ण. माझ्या टेबलावरून गेलेल्या मुलांमध्ये मी हेच पाहिलं: कोर्टात जायचं म्हणून कायदा शिकलेला मुलगा हप्त्यासाठी कुठल्याशा कंपनीत करारनामे तपासत बसतो. कॉलेज त्याने निवडलं होतं, काम हप्त्याने निवडलं.

आमच्या पिपरीपासून काही मैलांवर सेवाग्राम आहे. १९३६ पासून तिथे राहिलेल्या माणसाला आपण बापू म्हणतो, पण तो कधीकाळी कर्ज घेऊन वकील झालेला आणि काम न मिळालेला तरुण होता, हे लक्षात राहत नाही. मावजी दवे या कुटुंबाच्या सल्लागाराने सांगितलं होतं, इथे बी.ए. करण्यात वर्षं जातील, त्यापेक्षा विलायतेहून बॅरिस्टर होऊन ये. चार-पाच हजार रुपयांत काम होईल. त्या वेळी ही रक्कम मोठी होती. थोरल्या भावाने पैशांची सोय केली आणि ४ सप्टेंबर १८८८ ला मोहनदास मुंबईहून निघाले. १० जून १८९१ ला बॅरिस्टर झाले. परत आल्यावर मुंबईत स्मॉल कॉजेस कोर्टात पहिला खटला, फी तीस रुपये; उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. फी परत केली. मग एका शाळेत महिना ७५ रुपयांवर इंग्रजी शिकवायला अर्ज केला, तर पदवीधर नाही म्हणून नाकारलं. शेवटी राजकोटला जाऊन अर्ज लिहून द्यायचं काम पत्करलं. त्यातून महिन्याला तीनशेच्या आसपास मिळू लागले, तेही बरेचसे भावाच्या ओळखीवर. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेचं काम घेतलं त्यामागे हीच ओढाताण होती. हे सगळं त्यांनी आत्मचरित्रात न लपवता लिहिलं आहे. सल्लागाराने शिकण्याचा खर्च मोजला होता. परतल्यावर पहिली दोन वर्षं काय खायचं, हे त्या हिशेबात नव्हतं. आजच्या समुपदेशकांच्या माहितीपत्रकातही ते नसतं.

बाबासाहेबांचं उदाहरण मला जास्त उपयोगी वाटतं. १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत झाली. नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते लंडनला गेले. १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. परतल्यावर वकिलीची सनद घ्यायलाही हातात पैसे नव्हते. पुन्हा भथेनाच धावून आले. आता नीट पाहा. १९२३ ला वकिली सुरू केली, पण केवळ तिच्यावर विसंबून राहिले नाहीत. १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला, १९२८ पासून मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात, आणि पुढे १९३५ ला तिथलेच प्राचार्य झाले. शिकवणं हा तेव्हा आधार होता आणि आजही तो एक दरवाजा उघडा आहे: वकिली करता करता दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायला नियमांची परवानगी आहे. पूर्णवेळ नोकरीच्या बंदीतली ही फट फार थोड्यांना ठाऊक असते.

सनदेच्या फीचं मात्र शंभर वर्षांनी काहीतरी झालं. राज्यांच्या बार कौन्सिलांनी नोंदणीच्या नावाखाली पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत रक्कम लावली होती. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात लिहिलंय तेवढंच घ्या: खुल्या प्रवर्गाकडून ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींकडून १२५.

आता कॉलेजं. नागपूर–वर्धा रस्त्याने जाताना बुटीबोरीच्या बाजूला वारंग्याला महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा परिसर लागतो. २०१४ च्या कायद्याने राज्यात अशी तीन विद्यापीठं झाली. मुंबई, नागपूर आणि संभाजीनगर. प्रवेश क्लॅट या देशपातळीवरच्या परीक्षेतून, आणि राज्यातल्या रहिवाशांसाठी काही जागा राखीव. मुलीच्या यादीत पहिलं नाव हेच होतं, आणि चुकीचं नव्हतं. शिक्षण चांगलं, सोबतची मुलं हुशार, शिवाय मुंबईच्या मोठ्या लॉ फर्म अशाच विद्यापीठांत माणसं निवडायला येतात. या फर्मचा सुरुवातीचा पगार वर्षाला पंधरा लाखांच्या पुढे असतो. तेवढा मिळाला तर माझ्या वहीतलं १४ लाखांचं कर्ज दोन-तीन वर्षांत फिटावं. पण तो पगार वर्गातल्या किती जणांना मिळतो? कॉलेज सांगतं ते सर्वोच्च पॅकेज. तुम्ही विचारायचं मधल्या मुलाचं: साठ जणांना रांगेत उभं केलं तर तिसाव्याला किती मिळाले? ही विद्यापीठं सार्वजनिक आहेत, माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करता येतो. उत्तर यायला महिना लागतो, म्हणून अर्ज बारावीच्या परीक्षेआधी टाकावा. असा अर्ज केलेला एकही पालक मला अजून भेटलेला नाही. लग्नाच्या स्थळाची मात्र तीन गावांतून चौकशी होते.

दुसरी वाट राज्याच्या सीईटीची. नागपूरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय विद्यापीठाचं स्वतःचं, १९२५ पासूनचं. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चं, पुण्याचं आयएलएस १९२४ चं. शासकीय कॉलेजची फी राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या फीसमोर किरकोळ. मात्र मुंबईत राहण्याचा खर्चच फीला गिळतो. नागपूरला वर्ध्याहून अप-डाऊन होतं. रेल्वेचा पास काढून कित्येक पोरांनी असंच शिक्षण पुरं केलंय. दीड-पावणेदोन तास गाडीत जातात हे खरं, पण ज्याला वाचायचं आहे तो गाडीतही वाचतो.

सवलतींचं गणित याच वाटेवर जुळतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. पण केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांनाच. अभिमत आणि खाजगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना आणि व्यवस्थापन कोट्याला ते नाही. मुलीच्या यादीतल्या अकरांपैकी चार नावं अशा विद्यापीठांची होती. क्लॅटने गेलं तर सवलत लागू होते का, हे प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेकडून लेखी घ्यावं. तोंडी "हो हो, होऊन जाईल" यावर एकाने माझ्यासमोर पहिली फी भरली होती. झालं नाही. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, तीही आठ लाखांच्या मर्यादेत. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर. उत्पन्नाचा दाखला जूनमध्येच काढून ठेवावा, कारण नंतर सेतू केंद्रावर जी गर्दी होते ती पोळ्याच्या बाजारासारखी.

"पण साध्या कॉलेजातून पुढे जाता येतं का?" वडिलांनी विचारलं. विदर्भाचं उत्तर तयार असतं: माजी सरन्यायाधीश शरद बोबडे नागपूर विद्यापीठातून वकील झाले, माजी सरन्यायाधीश भूषण गवई अमरावतीतून. हे खरंच आहे. पण बोबडेंचे वडील राज्याचे महाधिवक्ता होते आणि गवईंचे वडील रिपब्लिकन पक्षाचे नेते रा. सू. गवई. कॉलेजच्या फीत न मोजलेलं भांडवल त्यांच्या घरात होतं. ज्याच्या घरात ते नाही, त्याला ते कॉलेजकडून विकत घ्यावं लागतं किंवा ज्येष्ठाच्या ऑफिसात घासून कमवावं लागतं. महागड्या कॉलेजचा खरा माल हाच, ओळखी.

मुलीला न्यायाधीश व्हायचं होतं, हे तिने तासाभराने सांगितलं. आधी सांगितलं असतं तर निम्मी वही वाचली असती. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाचं सुरुवातीचं मूळ वेतनच ७७,८४० आहे. पंधरा हजारांचा हप्ता त्यात सहज बसतो. पण २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने या पदाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. म्हणजे कर्जाची सूट एक वर्षाची आणि वकिली तीन वर्षांची. मधली दोन वर्षं हप्ता भरायचा कोणी? ३ लाख ६१ हजार रुपये, तेही पहिल्या प्रयत्नात पास झाली तर. तिच्यासाठी पहिल्या नावापेक्षा यादीतलं सातवं नाव बरं होतं, आणि ते नागपूरच्या आंबेडकर विधी महाविद्यालयाचं होतं.

कर्ज घ्यायचंच झालं तर दोन गोष्टी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना, इतर सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज-सवलत घेत नसतील तर, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होण्याआधीच्या काळात व्याजात ३ टक्के सूट. कॉलेज त्या यादीत आहे का, ते आधी पाहायचं. दुसरी गोष्ट, शिक्षण चालू असतानाच व्याज भरत राहायचं. पहिल्या वर्षी २ लाखांवर ते महिना १,६६७ रुपये येतं. कापूस विकल्यावर एकदम भरलं तरी चालतं. वर सांगितलेले ४ लाख त्यामुळे मुद्दलाला चिकटतच नाहीत. बँकेत हे आम्ही प्रत्येकाला सांगायचो, आणि प्रत्येक जण मान डोलवून निघून जायचा.

अमेरिकेत कायद्याच्या पदवीचं कर्ज आपल्यापेक्षा कितीतरी मोठं, पण तिथे २००७ पासून एक तरतूद आहे: सार्वजनिक सेवेत राहून दहा वर्षं, म्हणजे १२० हप्ते भरले की उरलेलं सरकारी कर्ज माफ. गरिबांचे खटले लढणारे वकील त्यामुळे टिकतात. आपल्याकडे विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ पासून जिल्ह्यांत मानधनावर बचाव वकील नेमायला सुरुवात केली, हे चांगलं झालं. त्यांच्या कर्जाचा विचार मात्र अजून कोणी केलेला नाही.

मी त्या मुलीला फॉर्म भरण्याआधी एक दिवस वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयात जाऊन बसायला सांगितलं. ती खरंच गेली, डबा घेऊन. संध्याकाळी येऊन सांगत होती: कनिष्ठ वकील सकाळपासून तारखा घेत फिरत होते, दुपारी झाडाखाली एका ताईंशी बोलणं झालं. तीन वर्षं झाली त्यांना. "मी विचारलं, ताई, महिन्याला किती मिळते? त्या हसल्या अन् म्हणाल्या, पहिल्या वर्षी गाडीचं पेट्रोल सुटायचं, आता गाडीचा हप्ता सुटते."

मग तिने वही मागून घेतली आणि यादीतली चार नावं खोडली.