संगणकाची झाडलोट : भुसा कोणता, दाणा कोणता?

घट बसण्याआधी आपल्या मराठवाड्यात घरोघरी झाडलोट निघते. माळ्यावरची अडगळ खाली येते, गोधड्या धुवायला जातात, डबे घासून उन्हात पालथे पडतात. पण जाणती गृहिणी झाडू हातात घेण्याआधी एक काम करते. पेटीतली कागदांची पिशवी ती उचलून देवघरात ठेवते. खरेदीखत, सोसायटीच्या पावत्या, मुलांचे दाखले त्या पिशवीत असतात. कचऱ्याबरोबर ती गेली तर घर स्वच्छ होईल, पण घरधन्याची वर्षभराची पायपीट सुरू होईल.

घरातल्या संगणकालाही हाच न्याय लागू आहे. लातूर-बार्शी रस्ता आणि सोलापूर-धुळे महामार्ग जिथे भेटतात त्या येडशीत किंवा आसपासच्या गावांत आता संगणकाची नवलाई राहिलेली नाही. शिकायला गेलेल्या मुलाने आणलेला, पुण्याहून जुना घेतलेला, असा एखादा संगणक पुष्कळ घरांत असतो. त्याच्यावरच महाडीबीटीचा अर्ज भरला जातो, सातबारा काढला जातो, पीक विम्याची पावती उतरवली जाते आणि मुलीचा परीक्षेचा फॉर्मही जातो. काही महिन्यांनी तो कुरकुरू लागतो. ‘जागा शिल्लक नाही’ अशी सूचना येते. मग कुणीतरी म्हणते, “सगळे साफ करून टाका.” नुकसान होते ते या ‘सगळे’ शब्दापायी.

कचरा साठतो कसा?

मळणीच्या वेळी आपण खळ्यावर ताडपत्री अंथरतो, पोती आणतो, दोऱ्या आणतो. काम संपले की ते सारे आवरावे लागते. संगणकातले प्रोग्रॅमही काम करताना अशीच तात्पुरती मांडामांड करतात. काम झाल्यावर ती आवरली जातेच असे नाही. मागे राहतात त्या टेम्पररी फाइल्स, म्हणजे तात्पुरत्या फाइली. विंडोज स्वतःला अद्ययावत करते तेव्हाही बरेच उरलेसुरले सामान मागे राहते.

दुसरा साठा ब्राउझरचा. ज्यातून आपण संकेतस्थळे पाहतो तो क्रोम, एज किंवा फायरफॉक्स म्हणजे ब्राउझर. तो पाहिलेल्या पानांची यादी ठेवतो, तिला हिस्टरी म्हणतात. पानांवरची चित्रे तो साठवतो, म्हणजे पुढच्या वेळी पान लवकर उघडते. हा साठा म्हणजे कॅश. संकेतस्थळाने आपली ओळख पटावी म्हणून आपल्या संगणकात ठेवलेली चिठ्ठी म्हणजे कुकी. नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये ही युक्ती काढली. याशिवाय आपण ‘हो’ म्हटले असेल तर पासवर्ड, पत्ता आणि फोन क्रमांकही ब्राउझर लक्षात ठेवतो.

आधी तीन ढीग करावेत

उफणणी करताना वारा भुसा वेगळा करतो. इथे ते काम आपल्यालाच करावे लागते.

पहिला ढीग निव्वळ भुशाचा. तात्पुरत्या फाइली, विंडोजच्या अद्ययावतीकरणाचे अवशेष, चित्रांचे छोटे नमुने. हे काढल्याने आपल्या कागदाला धक्का लागत नाही.

दुसरा ढीग विचार करून काढण्याचा. हिस्टरी, कॅश, कुकी, साठवलेले पासवर्ड आणि अर्जात आपोआप भरली जाणारी माहिती यात येते.

तिसरा ढीग दाण्याचा. डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डेस्कटॉप. सातबारा, आधारची प्रत, विम्याची पावती, गुणपत्रिका हे सर्व बहुधा डाउनलोड्समध्येच पडून असते. नावही धड नसते, नुसते आकडे असतात. म्हणून तो कचरा वाटतो.

त्यातही एक भेद ध्यानात ठेवावा. सातबारा पुन्हा काढता येतो. डिजिलॉकरमधील गुणपत्रिका पुन्हा उतरवता येते. पण २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा पाण्यात उभ्या सोयाबीनचा किंवा वाहून गेलेल्या बांधाचा काढलेला फोटो पुन्हा काढता येत नाही. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी जपावे.

त्यासाठी डॉक्युमेंट्समध्ये ‘घरचे कागद’ नावाचा फोल्डर करावा. आत जमीन, बँक, विमा, शिक्षण आणि दवाखाना असे पाच कप्पे करावेत. डाउनलोड्समधून एकेक कागद उघडून पाहावा, त्याला ‘पीक विमा खरीप २०२५’ असे सरळ नाव द्यावे आणि योग्य कप्प्यात हलवावा. मग त्या फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती पेटीत ठेवावी. एका दुपारचे काम आहे. हे झाल्याखेरीज झाडू हातात घेऊ नये.

भुसा काढण्याची रीत

उघडे प्रोग्रॅम बंद करावेत. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसेल तर लॅपटॉप आधी पुरता चार्ज करून घ्यावा. मग सेटिंग्ज उघडून सिस्टीम, तिथून स्टोरेज आणि तिथून टेम्पररी फाइल्स असे जावे. विंडोज १० आणि ११ या दोन्हींत हीच वाट आहे.

थोड्या वेळाने एक यादी दिसते आणि प्रत्येक ओळीपुढे किती जागा अडली आहे तेही दिसते. ही यादी डोळे उघडे ठेवून वाचावी. तिच्यात ‘डाउनलोड्स’ ही ओळही असते. तिच्यावर खूण नसावी, असेल तर काढून टाकावी. ‘रिसायकल बिन’ म्हणजे कचरापेटी. तिच्यावर खूण करण्याआधी ती उघडून, आत चुकून टाकलेले काही नाही ना, हे पाहावे. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ अशी ओळ असेल तर ती जुन्या विंडोजची साठवण आहे. नवे विंडोज नीट चालत असेल तरच ती काढावी, कारण मग जुन्याकडे परतता येत नाही. बाकी खुणा ठेवून ‘रिमूव्ह फाइल्स’ दाबावे आणि काम पुरे होईपर्यंत संगणक बंद करू नये.

विंडोज किंवा प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरांत शिरून हाताने काही पुसू नये. ‘हे काय आहे कळत नाही, म्हणून काढले’ हा न्याय तिथे चालत नाही.

ब्राउझरची साफसफाई

कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट ही तीन बटणे एकदम दाबली की क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिघांतही सफाईची खिडकी उघडते. किती काळाचे काढायचे आणि काय काढायचे, हे ती विचारते.

हिस्टरी काढल्याने यादी जाते, एवढेच. कुकी काढल्या की सगळीकडे पुन्हा पासवर्ड घालून आत जावे लागते. म्हणून पासवर्ड वहीत लिहून ती वही कुलपात आहे ना, हे आधी पाहावे. पासवर्डच्या ओळीवर नकळत खूण करू नये. मोबाइल आणि संगणक एकाच गूगल खात्याने जोडलेले असतील तर संगणकावर पुसलेली हिस्टरी आणि पासवर्ड मोबाइलमधूनही जाऊ शकतात.

कॅश रोज काढणाऱ्यांना वाटते की संगणक पळू लागेल. होते उलटे. प्रत्येक पान नव्याने उतरवावे लागते आणि गावच्या मंद नेटवर ते आणखी रेंगाळते. पान अर्धवट उघडत असेल, जुनीच माहिती दाखवत असेल किंवा जागा कमी पडत असेल, तेव्हा कॅश काढावी.

आपोआप भरल्या जाणाऱ्या पत्त्याकडे मात्र वर्षातून एकदा बघावे. २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्याचे नाव उस्मानाबादचे धाराशिव झाले, पण ब्राउझरच्या स्मरणात जुनाच पत्ता किंवा बंद पडलेला फोन क्रमांक असू शकतो. घाईत तोच अर्जात जातो.

घरात एकच संगणक आणि वापरणारे पाच जण असतील तर आणखी एक गोष्ट करावी. विंडोजमध्ये प्रत्येकाचे वेगळे खाते उघडता येते. सुनेने एखाद्या दुखण्याविषयी वाचलेले पान सासऱ्यांपुढे उघडावे, किंवा खेळता खेळता नातवाच्या हातून बँकेचे पान उघडावे, हे बरे नव्हे. वेगळे खाते असले की ज्याचे त्याच्याजवळ राहते.

हिस्टरी पुसली म्हणजे बँकेकडची किंवा सरकारी संकेतस्थळावरची नोंद पुसली, असे मात्र कुणी समजू नये. आपण फक्त आपल्या घरची वही पुसतो, त्यांची नाही.

झाडू विकणाऱ्यांपासून सावध

पडद्यावर एकाएकी लाल खिडकी येते. ‘आपल्या संगणकात शेकडो दोष सापडले, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा.’ तो फोन करू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक कधीही नसतो. फोन उचलणारा माणूस एक प्रोग्रॅम उतरवायला सांगतो आणि त्या वाटेने संगणकाचा ताबा घेऊन बँकेपर्यंत पोचतो. अशा वेळी ब्राउझर बंद करावा, बंद होत नसेल तर संगणकच बंद करावा. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे.

फुकट मिळणाऱ्या सफाईच्या प्रोग्रॅमांचीही गरज नाही. सीक्लीनर हा त्यांतला नामांकित. २०१७ मध्ये भामट्यांनी त्याच्याच एका आवृत्तीत घातक भाग घुसडला आणि तो २२ लाखांहून अधिक संगणकांवर गेला. विंडोजने घरातच झाडू दिला असताना बाहेरचा कशाला आणावा?

परक्याच्या संगणकावर

सेवा केंद्रात किंवा शेजाऱ्याच्या संगणकावर काम केले तर आपला कागद तिथेच राहतो. क्रोम व एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून खासगी खिडकी उघडता येते. ती बंद केली की हिस्टरी आणि कुकी उरत नाहीत. मात्र उतरवलेली आधारची प्रत डाउनलोड्समध्ये राहतेच. ती समोर पुसून घ्यावी आणि कचरापेटीही रिकामी करून घ्यावी. तसे सांगण्यात संकोच बाळगू नये. व्हॉट्सअॅप उघडले असेल तर त्यातून लॉग आउट करूनच उठावे.

चुकून पुसले तर

आधी रिसायकल बिन पाहावी. फाइलीवर उजवे बटण दाबून ‘रिस्टोअर’ म्हटले की ती जागेवर परत येते. शिफ्ट दाबून पुसलेली किंवा पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल मात्र या पेटीत येत नाही. ती फार मोलाची असेल तर त्या यंत्रावर नवे काही न साठवता ते बंद ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे. जुन्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर नवे काही लिहिले गेले नसेल तोवर फाइल परत मिळण्याची आशा असते.

एवढे करूनही संगणक मंदच राहिला तर दोष कचऱ्याचा नाही. जुनी डिस्क किंवा अपुरी रॅम हे त्याचे कारण असू शकते. ते दुरुस्तीवाल्याचे काम आहे. त्याच्याकडे यंत्र देण्याआधीही ‘घरचे कागद’ची प्रत काढून घ्यावी. जुना संगणक विकायचा असेल तर नुसत्या फाइली पुसून देऊ नये. सेटिंग्जमधून ‘रीसेट धिस पीसी’ घेऊन ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडावे आणि डिस्क साफ करण्याचा पर्यायही लावावा.

तिमाहीतून एकदा तात्पुरत्या फाइली काढाव्यात आणि प्रत्येक हंगामाच्या अखेरीस घरच्या कागदांची नवी प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. हे काम घरातल्या एकट्या मुलाला ठाऊक असून भागत नाही. तो नोकरीला परगावी गेला की कोणता कागद कोणत्या कप्प्यात आहे, हे घरच्या बाईला आणि कर्त्या पुरुषाला ठाऊक असले पाहिजे.