जागींच ठाण मांडणारा पाऊस आणि रायगड किनाऱ्यावरील शेती

पर्जन्य हा शेतकऱ्याचा पोशिंदा होय, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. रायगड जिल्ह्यांत वर्षाकाठीं सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यावरच आमची भातशेती उभी आहे. परंतु वर्षभरांत पाऊस किती पडला यापेक्षां तो किती वेळांत पडला, आणि पडतांना ढग चालत होता कीं जागींच उभा होता, हा प्रश्न अलीकडे अधिक महत्त्वाचा होऊन बसला आहे. पनवेल, उरण, पेण, खालापूर व अलिबाग या भागांत एका बाजूनें महानगर पसरत आहे आणि दुसऱ्या बाजूस खाडीचें पाणी आहे. या दोहोंच्या मध्यें सांपडलेल्या शेतकऱ्यानें हा विषय नीट समजून घेणें अगत्याचें आहे, म्हणून त्याचा येथें थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ढग थांबतो कां?

वैशाखांत जमीन तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते, आणि समुद्रावरून आलेली वाफ तिच्याबरोबर उंच जाऊन गडगडाटी ढग तयार होतो. हाच आपला वळवाचा पाऊस. वरच्या थरांतील वारा जोराचा असला म्हणजे असा ढग चार गांवांवर थोडें थोडें शिंपडून पुढें निघून जातो. परंतु मे-जूनच्या संधीस किंवा पावसाळा परततांना हा वारा पुष्कळदां मंद असतो. मग ढग जेथें जन्मला तेथेंच रिकामा होतो. कित्येकदां तर एक ढग संपत आला कीं त्याच्याच पाठीशीं, समुद्राच्या बाजूस, दुसरा उभा राहतो व पहिल्याच्याच वाटेनें त्याच गांवावर येतो. पूर्वेस सह्याद्रीची भिंत आहे. तिला आपटून ओली हवा वर चढत राहते, त्यामुळें या ढगांस खाद्य कमी पडत नाहीं. हवेचें उष्णमान एक अंशानें वाढलें तर तिच्यांत सुमारें सात टक्के अधिक वाफ मावते. अरबी समुद्र व त्यावरील हवा पूर्वीपेक्षां अधिक तापूं लागली आहे, तेव्हां ढगाच्या पोटांत पाणीहि अधिक असणार हें उघड आहे.

साध्या हिशोबानें ही गोष्ट ध्यानांत येईल. समजा, एका ढगाची लांबी १० किलोमीटर आहे व त्याच्याखालीं ताशीं ६० मिलिमीटर पाऊस पडत आहे. तो ताशीं ३० किलोमीटर चालला तर २० मिनिटांत निघून जाईल व आपल्या शेतावर २० मिलिमीटर पाऊस पाडील. तोच ढग ताशीं ५ किलोमीटर रेंगाळला तर त्याला दोन तास लागतील व शेतावर १२० मिलिमीटर, म्हणजे एका एकरावर पावणेपांच लाख लिटरांहून अधिक पाणी उभें राहील. ढग तोच, पाऊसहि तोच. फरक केवळ चालीचा.

झालेलीं उदाहरणें

२६ जुलै २००५ चा दिवस कोणीहि विसरलेलें नाहीं. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच अवधींत दक्षिणेस कुलाब्याच्या वेधशाळेंत अवघा ७३ मिलिमीटर. वळवाचा नव्हे, ऐन पावसाळ्यांतला हा पाऊस. पण कारण तेंच कीं गडगडाटी मेघ एकाच पट्ट्यावर तासन् तास उभे राहिले. त्यांतच दुपारची भरती आली व मिठी नदीस समुद्रांत शिरण्यास वाट उरली नाहीं. त्याच पावसांत आमच्या महाड तालुक्यांत दासगांव, जुई, रोहन व कोंडिवते येथें दरडी कोसळून मोठी प्राणहानि झाली. त्यापूर्वीं २४ जुलै १९८९ रोजीं अंबा नदीच्या पुरानें सुधागड तालुक्यांतील जांभूळपाड्याचा घास घेतला होता. २२ जुलै २०२१ रोजीं महाड शहर सावित्रीच्या पाण्याखालीं गेलें व तळिये गांवावर दरड आली.

मे २०२५ नें निराळाच धडा दिला. मोसमी पाऊस २६ मे रोजींच मुंबईंत येऊन थडकला आणि कुलाबा वेधशाळेंतील मे महिन्याच्या पावसाचा १९१८ सालचा उच्चांक मोडला गेला. बांधबंदिस्ती अपुरी, नाले गाळानें भरलेले, पेंढ्याच्या उडव्या उघड्यावर, मिठागरांत मीठ पडलेलें. अशा बेसावध वेळीं पाऊस आला तर तो ऐन आषाढांतील पावसापेक्षां अधिक नुकसान करितो.

पाणी अडतें कोठें?

आमच्या नद्या आंखूड आणि उताराच्या. गाढी, पाताळगंगा, भोगावती, अंबा, कुंडलिका या सर्व डोंगर सोडतात न सोडतात तोंच खाडीस मिळतात. डोंगरावर पडलेलें पाणी कांहीं तासांतच खालीं येतें. तें येतें त्या वेळीं ओहोटी असली तर निभावतें. भरती असली तर खारबांधावरील उघाड्यांचीं झडपें खाडीच्या दाबानें मिटलेलीं असतात व गोडें पाणी आंतच तुंबतें. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत हा धोका सर्वांत मोठा. भांगाच्या दिवसांत कमी. भरतीची वेळ काढण्याची आपल्या कोळी बांधवांची रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करावी. अष्टमीस सहाच्या सुमारास, द्वादशीस नऊच्या सुमारास पूर्ण भरती असते. प्रत्येक शेतकऱ्यानें ही रीत ध्यानांत ठेवावी.

दुसरी अडचण माणसानें केलेली आहे. भाताचें खाचर हें केवळ पिकाचें ठिकाण नव्हे, तें पाण्याचें कोठारहि आहे. वीतभराहून कमी, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीचा बांध एका एकरांत सुमारें सहा लाख लिटर पाणी धरून ठेवतो व मागाहून हळूहळू सोडतो. त्याच खाचरावर भराव घालून वखार किंवा इमारत उभी राहिली कीं तें सर्व पाणी शेजाऱ्याच्या शेतांत जातें. उलव्याच्या बाजूस विमानतळासाठीं जमीन उंच करण्यांत आली व उलवे नदीचें पात्रच वळविण्यांत आलें. नगरें वाढूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु भराव घालणाऱ्यानें जितकी जागा पाण्यापासून हिरावून घेतली, तितक्या पाण्याची वाट करून देणें हें त्याचें कर्तव्य आहे. जो शेतकरी अद्याप जमीन कसतो, त्यानें सर्वांचें पाणी फुकट सांभाळावें व वर नुकसानहि सोसावें, हा न्याय नव्हे.

काय करावें?

पहिली गोष्ट अशी कीं खारबांध, उघाड्या व नाले यांची तपासणी वैशाख लागतांच करावी. मृगाची वाट पाहूं नये. पूर्वीं शिलोत्र्यांचीं खारें सामाईक श्रमानें राखलीं जात. आज कायद्यानें खारभूमि खातें आहे. तथापि झडपेंत अडकलेला ओंडका काढण्यास गांवाचेच हात लवकर पोंचतात.

दुसरी गोष्ट बियाण्याची. सर्व बियाणें एकाच वाफ्यांत एकाच दिवशीं पेरूं नये. दोन ठिकाणीं, आठ-दहा दिवसांच्या अंतरानें व शक्य तर उंचवट्यावर राब करावा, म्हणजे एक बुडाला तरी लावणी चुकत नाहीं. खाऱ्या पाण्याचा शिरकाव होणाऱ्या शेतांत पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रानें काढलेल्या क्षारसहिष्णु जाती लावाव्या.

तिसरी गोष्ट इशाऱ्यांची. आदल्या दिवसाचा नारिंगी किंवा लाल इशारा जिल्ह्यापुरता असतो. ढग नेमका कोणत्या गांवावर थांबेल हें त्यावरून कळत नाहीं. तें कुलाबा व वेरावली येथील रडारांवरून, पुढील तीन तासांच्या अंदाजांतच उमगूं शकतें. म्हणून हवामान खात्याचा हा तात्कालिक अंदाज गांवांतील एकानें तरी पाहून इतरांस कळवावा. विजेच्या इशाऱ्यासाठीं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचें ‘दामिनी’ साधन भ्रमणध्वनीवर मिळतें.

चौथी गोष्ट अगदीं स्वस्त. सरळ कडेचा डबा उघड्या जागीं ठेवून फूटपट्टीनें पाणी मोजावें व तारीख-वेळेसह वहींत नोंदवावें. ढग शिवारावर थांबला आणि मंडलाचें पर्जन्यमापक दोन कोस दूर कोरडें राहिलें, असें वारंवार घडतें. सरकारी नोंद ६५ मिलिमीटरांच्या आंत राहिली म्हणजे अतिवृष्टीचा दावा दुबळा होतो. गांवोगांवच्या अशा वह्या एकत्र झाल्या, तर स्थानिक पर्जन्यमापकाची मागणी आंकड्यांनिशीं करतां येईल.

ढगास चालविणें आपल्या हातीं नाहीं. परंतु तो थांबला असतां त्याच्या पाण्यास वाट मोकळी ठेवणें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. येत्या वैशाखांत प्रत्येक गांवानें आपल्या उघाड्या एकदां उघडून-मिटून पाहिल्या, एवढें झालें तरी या लेखाचें चीज झालें असें आम्ही समजूं.